धरणाचा काठ विकायला काढू नका

वर्धा जिल्ह्यात बोर, महाकाळी, पोथरा, पंचधारा, लालनाला किंवा निम्न वर्धा धरणाच्या काठाला ज्यांचे वावर लागून आहे, त्यांना हात जोडून विनंती : इसाराची रक्कम हातात घेण्याआधी थांबा. नागपूर, पुणे, मुंबईत किंवा परदेशात राहून ‘गावाकडे पाण्याकाठी एखादे छान घर असावे’ असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनाही तेवढ्याच कळकळीने सांगणे आहे : टोकन भरण्याआधी हे वाचा. आणि ज्या गावांच्या शिवारात ही धरणे आहेत, त्या गावांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, पुढच्या ग्रामसभेची वाट पाहू नये.

घाई रस्त्यांमुळे आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता वाहता झाला. आपल्या जिल्ह्यात सेलडोह, येळाकेळी, विरूळ इथे त्यावर चढता-उतरता येते. गोव्याच्या सीमेपर्यंत जाणारा नियोजित शक्तिपीठ महामार्ग तर पवनारपासूनच निघायचा आहे. रस्त्याची आखणी कागदावर येते तेव्हाच जमिनीची चौकशी सुरू होते, हे नागपूर-वर्धा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आपण पाहिले आहे. तिथे कधीकाळी तूर आणि पऱ्हाटी होती. आता ‘एनएटीपी मंजूर’, म्हणजे अकृषक वापर आणि नगररचनेची मंजुरी मिळालेल्या, लेआउटचे फलक आहेत. त्या फलकांची भाषाही बदलली आहे. पूर्वी ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ एवढे लिहिले की भागायचे. आता लेक व्ह्यू, गेटेड कम्युनिटी, क्लब हाऊस, वीकेंड होम हे शब्द आले आहेत. सपाट, उन्हाने तापणाऱ्या या मुलखात पाण्याचा काठ किती मोलाचा आहे, हे जमीन विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला आधी कळते.

पाण्याकाठी राहावेसे वाटण्यात काहीच गैर नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात ज्याला पाणी दिसले की बरे वाटत नाही असा माणूस सापडायचा नाही. प्रश्न हा आहे, की जाहिरातीत ज्याला ‘लेक’ म्हणतात ते आपल्याकडे बहुतेक ठिकाणी धरणाचे पाणी आहे. धरण रिकामे होण्यासाठीच भरलेले असते. पावसाळ्यात बोर भरते, दिवाळीच्या आगेमागे कालव्यांना पाणी सुटते, सेलू तालुक्यात गहू, चणा, भाजीपाला उभा राहतो. धाम नदीवरचे महाकाळी धरण वर्धा शहराला प्यायला पाणी देते. एप्रिल-मेपर्यंत या जलाशयांचा काठ आत आत सरकत जातो आणि जी जमीन उघडी पडते तिला आपण गाळपेर म्हणतो. त्या ओलाव्यावर धरणग्रस्त आणि भूमिहीन कुटुंबे भाडेपट्ट्याने एखादे पीक काढतात. वरून पाहणाऱ्याला तिथे नुसता चिखल दिसतो. ज्याचे वावर धरणाने नेले, त्याला वर्षातून तीन-चार महिने आपल्या जुन्या जमिनीजवळ परत नेणारी ती एकच वाट असते.

काठावर पन्नास-शंभर सुंदर घरे आली की काय होते, याचा विचार करा. त्या घरांची किंमत भरलेल्या तलावावर ठरलेली असते. खाली सेलूच्या शेतकऱ्याच्या पिकाची किंमत मात्र सुटलेल्या पाण्यावर ठरते. दोघांच्या गरजा एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि त्यात कोणी वाईट माणूस असण्याची गरज नाही. लाखो रुपये मोजून घेतलेल्या खिडकीतून उन्हाळाभर भेगाळलेला गाळ दिसावा, असे कोणत्याही घरमालकाला वाटणार नाही. तो पाणी थोडे वर ठेवा म्हणेल, आवर्तन पुढे ढकला म्हणेल, गाळपेरीचा धूर आणि खतांचा वास नको म्हणेल, माशांची जाळी समोर नकोत म्हणेल. त्याच्या हाती वकील आहे, ओळखी आहेत, मंत्रालयात जाणारा फोन आहे. कालव्याच्या शेपटाला बसलेल्या शेतकऱ्याजवळ यातले काय आहे?

ही कल्पनेतली भीती नाही. महाराष्ट्राने याची मोठी किंमत मोजलेली आहे. मोसे नदीवरचे वरसगाव धरण पानशेत, टेमघर आणि खडकवासला यांच्या जोडीने पुण्याची तहान भागवते आणि खाली दौंड-इंदापूरपर्यंतच्या शेतीला पाणी पुरवते. राज्य सरकारने १९९६ मध्ये नवी थंड हवेची ठिकाणे वसवण्यासाठी खास नियम केले आणि जून २००१ मध्ये मुळशी व तेव्हाच्या वेल्हे तालुक्यांतली १८ गावे त्यासाठी अधिसूचित केली. तिथे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या पुढाकाराने लवासा उभे राहू लागले. इटलीतल्या पोर्टोफिनो या समुद्रकाठच्या गावावरून लवासातल्या दासवे या गावाचा आराखडा घेतला गेला : रंगीत इमारती, पाण्याकाठचा फरसबंद रस्ता, कॅफे, बोटी, हॉटेल व्यवस्थापनाची शाळा. गोल्फचे मैदान आणि लाखो वस्तीचे शहर कागदावर होते. सह्याद्रीच्या कुशीत कातकरी, धनगर, मराठा शेतकऱ्यांची जी गावे होती, त्यांची नावे माहितीपत्रकात शोधूनही सापडत नव्हती.

लवासा हे खासगी कंपनीचे साहस होते असे म्हणून आपण मोकळे होतो, पण सरकारने काय काय दिले ते पाहा. सिंचनासाठी लोकांकडून घेतलेली काठाची जमीन कृष्णा खोरे विकास महामंडळाने कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण केले, म्हणजे बांधणाराही तोच आणि बांधकामाला परवानगी देणाराही तोच. दासव्याला खोऱ्याच्या एका फाट्यावर बंधारा घालून पाणी अडवले गेले. खाली धरण उतरले तरी घरांसमोरचे पाणी टिकले. पुण्याच्या आणि शेतीच्या वाट्याचे पाणी वरच अडते हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. मोसे खोऱ्यातल्या लोकांनी, मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीच्या व्यवहारांवर बोट ठेवले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवले आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, अटी घालून पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली. २०१७ मध्ये राज्याने नियोजन प्राधिकरणाचा दर्जा काढून घेतला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ मध्ये सुमारे १,८१४ कोटींची एक पुनरुज्जीवन योजना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केली आणि पैसे वेळेत आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये ती रद्दही झाली. त्याच वर्षी जुलैच्या पावसात दरड कोसळून तिथले बंगले गाडले गेले.

या सगळ्यात कोण बुडाले? जमीन देणारा शेतकरी तर पहिल्या दिवशीच बुडाला होता. त्याच्यामागून घर घेणाराही बुडाला. आयुष्याची पुंजी टाकून लवासात घर घेतलेले शेकडो लोक वर्षानुवर्षे घराच्या किंवा पैशाच्या मागे फिरत आहेत. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतली माणसे आहेत, परदेशातून परतायची स्वप्ने पाहणारी कुटुंबे आहेत. म्हणूनच हे आवाहन दोघांनाही एकाच वेळी आहे. धरणकाठची जमीन विकणारा आणि विकत घेणारा यांचे हित एकमेकांच्या विरुद्ध असते असे आपण धरून चालतो, पण मोसे खोऱ्यात दोघेही एकाच खड्ड्यात पडले.

जवळचेच हवे असेल तर नागपूर पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या शहरातल्या प्रतिष्ठित वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. माणसे दगावली, गाड्या वाहून गेल्या, घराघरांतले सामान नासले. सांडव्यापाशी आणि नाग नदीच्या पात्रात पाण्याची वाट कशी अडली याची चर्चा त्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. तलावाशेजारी राहण्याची ज्यांनी सर्वाधिक किंमत मोजली होती, पहिला तडाखा त्यांनाच बसला. पाण्याला जागा लागते. भरल्या पावसाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला आणि बुडीत क्षेत्राच्या कडेला ती जागा मोकळी ठेवावीच लागते, मग सातबारा कोणाच्याही नावावर असो.

आता आपल्या मातीकडे वळू, कारण याबद्दल कोणीच बोलत नाही. वर्ध्याची काळी कसदार जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. जुन्या लोकांनी उगाच घरे मुरमाड टेकाडावर आणि शेती काळीत ठेवली नाही. या जमिनीत पाणी मुरत नाही. काठावरच्या बंगल्याचा शोषखड्डा पावसाळ्यात भरून वाहतो आणि त्यातले सारे उताराने जलाशयात जाते. त्यात हिरवळीला टाकलेला युरिया, जलतरण तलावाचे क्लोरीन, धुण्याच्या मशीनचे पाणी मिसळते. अशा पाण्यावर आधी शेवाळ धरते, मग जलपर्णी येते, मग मासा मरतो. बंगळुरूच्या बेलंदूर तलावाभोवती देशातली महागडी घरे उभी राहिली आणि त्या तलावावर फेसाचे डोंगर तरंगताना, पाण्याला आग लागताना सगळ्या जगाने पाहिले. महाकाळीचे पाणी वर्धेकर नळाने पितात. धामचेच पाणी पुढे पवनारला जाते, जिथे विनोबांचा परंधाम आश्रम आहे आणि जिथे १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. त्या नदीच्या उगमाकडच्या धरणाकाठी मैल्याच्या टाक्या बसवायच्या का, हा प्रश्न फक्त जमीन मालकाचा आणि बिल्डरचा कसा राहील?

बोरची गोष्ट आणखी नाजूक आहे. १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोरचे गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचे आहे. देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. एवढ्याशा जंगलात वाघीण पिल्ले वाढवते ती आसपासच्या शिवाराच्या भरवशावर. मोठे झालेले वाघ पेंच, ताडोबा, मेळघाटच्या दिशेने जातात ते नाल्यानाल्याने, धुऱ्याधुऱ्याने, पाण्याच्या काठाकाठाने. तिथे तारेचे कुंपण पडले, रात्रभर फ्लडलाइट लागले, डीजे वाजला, तर जनावर थांबत नाही, ते गावाच्या बाजूने वळते. म्हणजे बंगल्यातल्या माणसाने घेतलेल्या शांततेची किंमत हिंगणीच्या, सेलूच्या गुराख्याला भरावी लागते. या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, हेही ‘क्लब लाइफ’ विकणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे.

काठावर आधीपासून राहणारी माणसेही आहेत. आर्वी, कारंजा, आष्टीकडचे नंदगवळी गवळाऊ गाई घेऊन रानात फिरतात. गवळाऊ हे आपल्या मातीतले गोधन, त्याच्या जतनासाठी हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्रही आहे. उन्हाळ्यात त्या गाईंना धरणाचे पाणी हाच आधार. भोई आणि ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्था तलावांचा ठेका घेतात, पहाटे जाळी टाकतात. काठावर भिंत आली की पांदण बंद होते. पांदण बंद झाली की गाईला पाण्यापर्यंत जाता येत नाही आणि मासेमाराला डोंगा लावायला जागा राहत नाही. कागदावर तलाव सरकारचा राहतो, पण तिथवर पोचायची वाट खासगी होते. गावाचा तलाव गावाला परका होण्याची पद्धत हीच.

हे सगळे कळूनही शेतकरी जमीन का विकतो, हे आम्हाला ठाऊक आहे. वर्धा हा पंतप्रधानांनी २००६ मध्ये विशेष पॅकेज जाहीर केलेल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. बोंडअळी, भाव, बँकेची नोटीस, मुलीचे शिक्षण या सगळ्यांतून जाणाऱ्या माणसाला कोणी एकरी भारी रक्कम दाखवली तर त्याला ‘विकू नको’ असे सांगणे सोपे आणि जगवणे अवघड. म्हणून त्याच्याजवळ आमचे पहिले मागणे एवढेच, की एकट्याने निर्णय घेऊ नका. इसारपावती आणि कुलमुखत्यारपत्र या दोन कागदांवर घाईने सही करू नका. मुखत्यारपत्र एकदा दिले की तुमच्या नावाने दुसराच माणूस जमीन फिरवतो आणि तुमच्या हाती इसाराची रक्कम सोडून काही राहत नाही. गावातल्या शिकलेल्या मुलीला-मुलाला सोबत घेऊन सातबारा वाचून घ्या. त्यात ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा.

तो रकाना घर घेणाऱ्यानेही वाचावा, कारण पुढची पंचवीस वर्षे कोर्टात जाणार की अंगणात, हे तिथे ठरते. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. या जिल्ह्यात भूदानाच्या जमिनी आहेत. विनोबांनी १९५१ मध्ये पोचमपल्लीला सुरू केलेल्या यज्ञात मिळालेली ती जमीन कसणाऱ्याला कसण्यासाठी दिलेली आहे, तिचा बाजार करता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर शासनाची परवानगी लागते. पुनर्वसनासाठी मिळालेल्या जमिनीवर वेगळ्या अटी असतात. आणि विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याच्या कलम ८९ नुसार, शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘सर, आम्ही सगळे बघून घेऊ’ असे कोणी म्हणाले, तर यातले काय बघणार आणि कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागा.

‘फार्महाऊस प्लॉट’ या नावाखाली जे विकले जाते, त्याबद्दल विशेष सावध राहा. शेतघर म्हणजे शेती करणाऱ्याच्या सोयीचे घर. जमीन महसूल अधिनियमात त्यासाठी किमान ४० आर क्षेत्र धरलेले आहे. मात्र विकताना एका वावराचे पाच-दहा हजार चौरस फुटांचे तुकडे पाडतात, चुन्याची फक्की मारून हद्दी दाखवतात आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यातून सुटण्यासाठी दहा-बारा अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवतात. त्या सामाईक सातबाऱ्यात तुमचा तुकडा नेमका कोणता, हे कायद्याच्या नजरेत कुठेच लिहिलेले नसते. उद्या त्यांतल्या एकाने हरकत घेतली तर सगळेच अडकतात. लेआउट खरोखर मंजूर असेल तर रेराचा नियम लागतो : ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरचा प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला असला पाहिजे, जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असला पाहिजे, करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एवढे सगळे असले तरी एक प्रश्न उरतो आणि तो रेरा विचारत नाही. पाणी कुठले? धरणाच्या काठी राहिलो म्हणून धरणाचे पाणी वापरायचा हक्क मिळत नाही. त्याला जलसंपदा विभागाची वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर बोअर, आणि बोअर आटली की टँकर. तलावाकडे तोंड करून टँकरची वाट पाहणाऱ्या वसाहती या देशात कमी नाहीत.

ज्यांना खरोखर गावाकडे राहायचे आहे, त्यांच्यासाठी या जिल्ह्यात दुसरी आणि चांगली वाट आहे. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले तेव्हा आसपासची माती, बांबू, कवेलू यांतून घर उभे राहिले आणि ती कुटी आजही उन्हाळ्यात पंख्याशिवाय थंड असते. दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने १९७६ पासून माती आणि कुंभाराच्या शंकूसारख्या कवेलूंच्या छपरांवर काम केले आहे. महागडे घर म्हणजे काचेच्या भिंती आणि इटलीतला संगमरवर, ही समजूत वर्ध्यात राहणाऱ्याने तरी सोडावी. ४५ अंशांच्या उन्हात काचेचे घर भट्टी होते. गावागावांत कुलूप लागलेली, ओसरीची, लाकडी खांबांची जुनी घरे पडून आहेत. त्यातले एखादे घ्या, गावातल्या गवंड्याकडून, सुताराकडून नीट करून घ्या, गावात राहा, संध्याकाळी तलावावर सगळ्यांसोबत फिरायला जा. तलाव तुमचाच आहे. मात्र समोर भिंत घालून तो आपल्यापुरता करून घेऊ नका. शेतकऱ्यालाही जमीन न विकता पाहुण्यांकडून कमाई करता येते. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आहे. बोर पाहायला येणारा पाहुणा हिंगणीच्या घरात उतरला, बाईने केलेली ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी जेवला, वायगावची हळद विकत घेऊन गेला, तर पैसा गावात राहतो आणि जमीनही राहते. यासाठी बचत गटांना कर्ज आणि प्रशिक्षण मिळवून देणे हे जिल्हा प्रशासनाचे काम आहे. लोकप्रतिनिधींनी ते अंगावर घ्यावे.

जलसंपदा आणि महसूल खात्याकडे मागणे साधे आहे. प्रत्येक धरणाची पूर्ण संचय पातळी आणि संपादित जमिनीची हद्द जागेवर दगड रोवून दाखवा. ते नकाशे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. बऱ्याच ठिकाणी हद्दीचे दगड निघून गेले आहेत किंवा गाळात गेले आहेत, आणि हद्द दिसेनाशी झाली की अतिक्रमणाला वाव मिळतो. काठावरच्या अकृषक परवानगीचा अर्ज आला की तो ग्रामपंचायतीला कळवा. धरणासाठी जमीन घेताना सरकारने ‘सार्वजनिक कारण’ सांगितले होते. शेतकऱ्यांनी पोटाला चिमटा काढून, कुलदैवताची ठाणी पाण्यात जाताना पाहून, ते कारण मान्य केले. त्या जमिनीचा किंवा तिच्या पाण्याचा फायदा मूठभर घरांच्या दर्शनी खिडकीत जाऊन बसला, तर ते कारण खोटे ठरते. जमीन दिलेल्यांची नातवंडे आज गावात आहेत आणि त्यांना याचा जाब विचारण्याचा हक्क आहे.

वास्तुविशारदांनो, सर्व्हेअरांनो, दस्त लिहिणाऱ्यांनो, तुमच्या टेबलावरून असा नकाशा गेला तर एक मिनिट थांबा. बुडीत क्षेत्राला लागून आहे का, नाला बुजवलेला दाखवला आहे का, पांदण नकाशातून गायब आहे का, एवढे तरी पाहा. तुमच्या सहीवाचून यातले काहीच पुढे सरकत नाही.

आणि धरणकाठच्या गावांनी येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याची आपली रीत आहे. यांतला जो दिवस आधी येईल तो पकडा, किंवा सरपंचांकडे लेखी मागणी करून विशेष सभा बोलवा. ठरावात चार गोष्टी घाला. आमच्या शिवारातल्या जलाशयाची संपादित हद्द मोजून दगड रोवावेत. काठालगतच्या कोणत्याही गट क्रमांकाच्या अकृषक परवानगीपूर्वी ग्रामसभेचे म्हणणे ऐकावे. तलावाकडे जाणाऱ्या सर्व पांदणी गाव नकाशाप्रमाणे मोकळ्या ठेवाव्यात. गाळपेर आणि मासेमारीचे पट्टे स्थानिकांनाच द्यावेत. ठरावाला महिलांची ग्रामसभा आधी घेऊन तिची संमती जोडा, कारण हंडा घेऊन पाण्यावर जाणारीचे म्हणणे कागदावर आले पाहिजे. ठरावाची प्रत तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी, जलसंपदा विभागाचे कार्यकारी अभियंता आणि, बोरच्या गावांनी, व्याघ्र प्रकल्पाच्या कार्यालयाला द्या. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. शेजारच्या गावालाही ती पोच दाखवा, म्हणजे त्यांना तसाच ठराव लिहिता येईल.